जुनी आज्ञावली उघडत नाही तेव्हा

(घोडेगाव, ता. नेवासे, जि. अहिल्यानगर येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



घोडेगावचे नाव निघाले की येथील जनावरांचा बाजार आठवतो. म्हशींच्या खरेदीसाठी दूरदूरचे शेतकरी येथे येतात. या बाजारात मुरलेला माणूस जनावर कसे पारखतो हे आपणांस मी सांगावयास नको. तो बसलेल्या म्हशीचा भाव करीत नाही. तिला उठवतो, चार पावले चालवतो, दात पाहतो, कास पाहतो आणि मगच पैशाची गोष्ट काढतो. म्हैस आजारी पडली तर जाणता पशुवैद्यही प्रथम औषधाची बाटली काढीत नाही. कालपासून काय बदलले, चारा नवा आहे काय, पाणी कोठले पाजले, असे तो विचारतो. मी आज संगणकाविषयी बोलणार आहे. परंतु निदानाची रीत तीच आहे आणि ती आपल्या परिचयाची आहे, एवढे प्रारंभीच सांगून ठेवतो.

माझा विषय मर्यादित आहे. शास्त्रीय माहितीचे चित्र करून दाखविणारी अनेक सॉफ्टवेअर, म्हणजे आज्ञावल्या, आपल्या शाळांत व कार्यालयांत गेल्या पंचवीस वर्षांत आल्या. आकड्यांचे रकाने दिले की त्यांवरून नकाशा, आलेख किंवा सर्व बाजूंनी फिरवून पाहता येईल असे चित्र या आज्ञावल्या पडद्यावर काढतात. रात्रीचे आकाश दाखविणारी स्टेलेरियम, रेणूंची रचना दाखविणारी जेमोल ही त्यांची परिचित उदाहरणे होत. यांपैकी जुन्या आज्ञावल्या आज पुष्कळ ठिकाणी उघडेनाशा झाल्या आहेत. अशा वेळी काय करावे आणि तशी वेळ आल्यास आपल्या नोंदी वाया जाऊ नयेत म्हणून आधीच काय करावे, या दोन प्रश्नांचा मी विचार करणार आहे. यांपैकी दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, असे माझे मत आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी मी एका शाळेत विज्ञान शिकवीत होतो. शाळेचे व गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. कारण जी चूक झाली ती माझी होती. गावातील बारा विहिरींची पाणीपातळी विद्यार्थ्यांनी दरमहा मोजावी, असा उपक्रम आम्ही हाती घेतला. दोरीला वजन बांधावयाचे, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावयाचे आणि वहीत लिहावयाचे, एवढेच काम होते. पुढे शाळेत संगणक आला आणि त्याबरोबर एक आज्ञावलीही मिळाली. विहिरीची जागा, काठाची उंची व पाण्याची खोली तिच्यात भरली की भूमीखालील पाण्याची पातळी पडद्यावर अंथरलेल्या चादरीसारखी दिसे. उन्हाळ्यात ती चादर खचत जाई, पावसाळ्यानंतर वर येई. मुलांना तिचे मोठे अप्रूप वाटे. हळूहळू वही मागे पडली. मुले आकडे सरळ संगणकातच भरू लागली आणि मी त्यांना अडविले नाही.

नंतर तो संगणक गेला, त्याच्या जागी नवा आला. एके वर्षी पिण्याच्या पाण्याची नवी विहीर कोठे खोदावी, हा प्रश्न ग्रामपंचायतीपुढे आला. टंचाईच्या उन्हाळ्यांत कोणत्या विहिरीला शेवटपर्यंत पाणी होते, हे शाळेच्या नोंदींवरून कळेल, या अपेक्षेने सरपंच शाळेत आले. मी आज्ञावली उघडली. खिडकी उघडली, परंतु चित्राच्या जागी निव्वळ काळोख होता. लोक समोर बसलेले, मी घाईत. आज्ञावलीची नवी आवृत्ती मिळवली, तिच्यात जुनी फाइल उघडली आणि ती उघडली या आनंदात जतन करण्याची कळ दाबली. नव्या आवृत्तीला जुन्या फाइलचा शेवटचा भाग समजला नव्हता. तो तिने गाळला आणि मूळ फाइलवर नवी फाइल लिहून टाकली. दुसरी प्रत नव्हती. वहीतील जुन्या नोंदी राहिल्या. शेवटच्या तीन उन्हाळ्यांच्या नोंदी गेल्या, आणि सरपंचांना नेमक्या त्याच हव्या होत्या. विहिरीची जागा अखेर वडीलधाऱ्या माणसांच्या आठवणींवर ठरली.

पुन्हा विकत घेतलेल्या संगणकाने ही हानी भरून येत नाही. आज्ञावली पुन्हा मिळू शकते; परंतु सरलेल्या वैशाखातील पाण्याची खोली पुन्हा मोजता येत नाही. आज मी जे सांगणार आहे ते या चुकीतून शिकलेले आहे.

आधी प्रत, मग लक्षण

उघडत नसलेल्या आज्ञावलीला हात लावण्यापूर्वी आपल्या फाइलींची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर करून ठेवावी. सर्व प्रयोग प्रतीवर करावेत. मूळ फाइल नव्या आवृत्तीत उघडून कधीही जतन करू नये. हा नियम पाळला तर पुढील कोणतीही चूक सुधारता येण्याजोगी राहते.

यानंतर लक्षण नीट पाहावे. 'उघडत नाही' या एका तक्रारीत चार निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. कधी टिचकी मारूनही काहीच घडत नाही. कधी खिडकी क्षणभर चमकून नाहीशी होते. कधी खिडकी उघडते पण चित्राची जागा काळी किंवा पांढरी राहते. आणि कधी सारे काही उघडते, पण आपली फाइल वाचली जात नाही किंवा चित्र चुकीचे निघते. या चारही प्रकारांची कारणे भिन्न आहेत. पडद्यावर जी सूचना दिसते ती इंग्रजीत असली आणि समजली नाही तरी अक्षरशः उतरून घ्यावी किंवा तिचे छायाचित्र काढावे. सूचना दिसण्यापूर्वीच खिडकी मिटत असेल तर आज्ञावली टिचकीने सुरू न करता, ज्या काळ्या खिडकीत आज्ञा टंकित करतात तिच्यातून सुरू करावी. म्हणजे आज्ञावली मिटली तरी तिचे शेवटचे शब्द त्या खिडकीत राहतात.

मग पशुवैद्याचा प्रश्न विचारावा: शेवटी केव्हा चालत होती आणि त्यानंतर काय बदलले? संगणक बदलला, विंडोज नवे टाकले, प्रोजेक्टर काढला, फोल्डर हलविले, यांपैकी काहीतरी बहुधा घडलेले असते.

बिघाड कोणत्या थरात आहे

संगणकावर चित्र उमटते ते अनेक थरांच्या सहकार्याने. सर्वांत खाली यंत्र व त्यातील चित्र काढणारे ग्राफिक्स कार्ड. त्या कार्डाशी बोलणारा ड्रायव्हर. त्यावर विंडोज किंवा लिनक्ससारखी कार्यप्रणाली. मग आज्ञावलीला लागणाऱ्या साहाय्यक लायब्ररी. मग प्रत्यक्ष आज्ञावली. आणि सर्वांत वर आपली फाइल. बिघाड कोणत्या थरात आहे हे ठरविण्यासाठी तीन साध्या चाचण्या पुरेशा होतात.

पहिली चाचणी: त्याच संगणकावर त्रिमितीय चित्र काढणारी दुसरी एखादी आज्ञावली उघडते काय? तीही उघडत नसेल तर दोष खालच्या थरात, म्हणजे कार्ड किंवा ड्रायव्हर यांत असण्याचा संभव अधिक. दुसरी: त्या आज्ञावलीबरोबर आलेली नमुन्याची फाइल उघडते काय? ती उघडत असेल आणि आपली उघडत नसेल तर आज्ञावली निरोगी आहे. आपली फाइल किंवा तिची जागा तपासावी. तिसरी: आपल्या फाइलची प्रत दुसऱ्या संगणकावर उघडते काय? या तीन उत्तरांनी शोधाचे क्षेत्र बरेच लहान होते.

यापुढे एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. चार बदल एकदम केले आणि आज्ञावली सुरू झाली तरी कोणत्या उपायाने ती सुरू झाली हे कळत नाही, आणि पुढच्या वर्षी तीच अडचण पुन्हा नव्याने सोडवावी लागते.

नेहमी आढळणारी कारणे

आपल्याकडील शाळांत व कार्यालयांत जी कारणे वारंवार आढळतात तेवढीच सांगतो.

काळ्या खिडकीचे सर्वांत सामान्य कारण ड्रायव्हर हे होय. त्रिमितीय चित्रांसाठी ओपनजीएल नावाची प्रमाण पद्धती १९९२ पासून रूढ आहे. कार्डाच्या निर्मात्याचा योग्य ड्रायव्हर नसेल तर विंडोज या पद्धतीची केवळ १.१ ही फार जुनी आवृत्ती पुरविते. आज्ञावलीला तिच्यापुढील आवृत्ती हवी असते. ती न मिळाल्यास आज्ञावली मिटते किंवा काळी राहते. अशा वेळी निर्मात्याचाच ड्रायव्हर बसवावा. कार्डच जुने असेल तर चित्र काढण्याचे काम कार्डाऐवजी मुख्य प्रोसेसरकडे सोपविता येते. मेसा नावाची मुक्त लायब्ररी हे काम करते. विंडोजवरील स्टेलेरियमच्या अनेक आवृत्त्यांबरोबर मेसाच्या साहाय्याने सुरू करण्याची वेगळी सोय दिलेली आढळते. चित्र सावकाश हलते, पण दिसते. आणि वर्गात सप्तर्षी दाखविण्यास तेवढे पुरते.

दुसरे कारण शिक्षकांच्या विशेष परिचयाचे आहे. संगणकाला प्रोजेक्टर जोडलेला असताना आज्ञावलीची खिडकी प्रोजेक्टरच्या पडद्यावर नेलेली असते. पुष्कळ आज्ञावल्या ही जागा आपल्या सेटिंगमध्ये टिपून ठेवतात. प्रोजेक्टर काढल्यावर आज्ञावली उघडते, पण आता अस्तित्वात नसलेल्या पडद्यावर. पाहणाऱ्याला वाटते, उघडलीच नाही. प्रोजेक्टर पुन्हा जोडून खिडकी मूळ पडद्यावर ओढून आणावी, किंवा आज्ञावलीच्या सेटिंगच्या फोल्डरचे नाव बदलावे; म्हणजे ती नव्याने, कोऱ्या सेटिंगने सुरू होते. फोल्डर पुसून टाकू नये, नाव बदलणे पुरेसे आहे.

तिसरे कारण नावाचे. जुन्या आज्ञावल्या एक अक्षर म्हणजे एक बाइट असे गृहीत धरून लिहिलेल्या असत. आजच्या रूढ यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. त्यामुळे 'घोडेगाव विहिरी' अशा नावाच्या फोल्डरात ठेवलेली फाइल अशा आज्ञावलीला सापडतच नाही. हा मराठीचा दोष नव्हे, आज्ञावलीचा आहे. चाचणीपुरती फाइलची प्रत रोमन अक्षरांचे, मध्ये मोकळी जागा नसलेले लहान नाव देऊन सोप्या फोल्डरात ठेवून पाहावी.

चौथे कारण आकड्यांचे. फाइलमध्ये अंक देवनागरीत लिहिलेले असले तर जुन्या आज्ञावल्यांना ते बहुधा संख्या म्हणून ओळखता येत नाहीत. तारखेची गोष्ट याहून धोक्याची आहे. ०५-०६ असे लिहिले तर आपल्या दृष्टीने ती ५ जून असते. महिना आधी वाचणारी आज्ञावली तिला ६ मे समजते. येथे कोणतीही सूचना येत नाही, चित्रही सुरेख निघते, मात्र पावसाळ्याच्या तोंडचे पाणी ऐन उन्हाळ्यात दिसू लागते. म्हणून वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, वर्षाचे चारही अंक लिहून तारीख नोंदविण्याची सवय लावावी.

पाचवे कारण जुन्या मराठी फॉन्टचे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवून अनेक फॉन्ट तयार झाले. तो फॉन्ट संगणकावर नसला की नकाशावरील गावांची नावे निरर्थक रोमन अक्षरांत दिसतात. फाइल बिघडलेली नसते. त्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. रूपांतरानंतर गावांची नावे एकेक करून मात्र तपासावीत.

सहावे कारण पिढीबदलाचे. सोळा बिटांच्या काळातील आज्ञावल्या चौसष्ट बिटांच्या विंडोजवर चालत नाहीत, आणि २०२१ मध्ये आलेले विंडोज ११ केवळ चौसष्ट बिटांचेच आहे. अशा वेळी नव्या संगणकाच्या पोटात आभासी संगणक तयार करून त्यात जुनी कार्यप्रणाली चालविता येते. परंतु एक खबरदारी घेतली पाहिजे. विंडोज एक्सपीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. जुनी प्रणाली चालवावयाची असेल तर ती इंटरनेटपासून तोडून चालवावी. त्याचप्रमाणे 'अमुक लायब्ररी सापडत नाही' अशी सूचना आली की अनोळखी ठिकाणाहून ती फुकट उतरवून घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. अशा फाइलींबरोबर संगणकाचे रोग येतात. लायब्ररी मूळ निर्मात्याकडूनच घ्यावी.

बंद पडलेले दरवाजे आणि उघडे राहिलेले

काही वेळा मात्र आपल्या संगणकात कोणताच दोष नसतो. ज्या पायावर आज्ञावली उभी होती तोच काढून घेतलेला असतो. अॅडोबी फ्लॅशचे साहाय्य ३१ डिसेंबर २०२० रोजी संपले आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील मजकूर चालणेच रोखण्यात आले. ग्रहणे, चंद्राच्या कला, हृदयाचे कार्य दाखविणारी कितीतरी चलच्चित्रे एका दिवसात निरुपयोगी झाली. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावाच्या लहान आज्ञावल्यांचेही असेच झाले. पण सर्वांचा शेवट सारखा झाला नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाने आपले पुष्कळसे जुने शास्त्रीय खेळ नव्या पद्धतीत पुन्हा लिहून काढले, आणि त्यांतील अनेक मराठीतही आहेत. जेमोलची जावाशिवाय ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती निघाली. तेव्हा जुनी आज्ञावली जिवंत करण्यात आठवडा घालविण्यापूर्वी तिची नवी बहीण जन्माला आली आहे काय, याची चौकशी करावी.

या बाबतीत आपल्याच राज्यातील एक उदाहरण बोधप्रद आहे. शास्त्रीय माहितीची त्रिमितीय चित्रे काढणारी मायावी नावाची आज्ञावली जगभर वापरली जाते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील विमानविद्या विभागाचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन हे तिचे जनक होत. ती पायथॉन या संगणकभाषेत लिहिलेली आहे आणि १९९३ पासून विकसित होत आलेल्या व्हीटीके या लायब्ररीवर उभी आहे. मायावीची पहिली पिढी आजच्या लायब्ररींवर चालत नाही. पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीचे साहाय्यही १ जानेवारी २०२० रोजी थांबले. तरीही मायावी नाहीशी झाली नाही. तिचा मूळ मजकूर कोणालाही पाहण्यास व सुधारण्यास खुला असल्यामुळे ती नव्याने लिहिली गेली आणि पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीवरही चालू लागली. ज्या आज्ञावलीचा मजकूर निर्मात्याच्या तिजोरीत बंद असतो तिला ही संधी मिळत नाही. याच संस्थेतील फॉसी प्रकल्प अशा मुक्त आज्ञावल्यांच्या प्रसाराचे कार्य करतो, आणि तेथील स्पोकन ट्यूटोरिअल प्रकल्पाचे पाठ मराठीतही ऐकावयास मिळतात. शिक्षकांनी त्यांचा लाभ घ्यावा.

परंतु मायावीच्या गोष्टीतील सर्वांत महत्त्वाचा भाग आज्ञावलीचा नसून फाइलचा आहे. व्हीटीकेची जुनी साधी फाइल निव्वळ अक्षरांत लिहिता येते. पहिल्या ओळीत आवृत्ती, दुसऱ्या ओळीत शीर्षक, तिसऱ्या ओळीत फाइल अक्षरांत आहे की संगणकी संकेतांत आहे याचा उल्लेख, मग रचना आणि आकडे. अशी फाइल लिहिणारी आज्ञावली बंद पडली तरी आजची पॅराव्ह्यू किंवा आजची मायावी ती उघडते. आणि यांपैकी काहीच नसले तरी कोणत्याही साध्या संपादकात ती उघडून डोळ्यांनी वाचता येते.

आकडा आणि त्याचे वर्णन

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. नोंद ही एक गोष्ट आणि तिचे चित्र ही दुसरी. चित्र पुन्हा काढता येते, नोंद पुन्हा करता येत नाही. आणि नोंद टिकविण्यासाठी केवळ आकडे पुरत नाहीत, त्यांचे वर्णनही लागते.

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे कार्यालयाकडून देशातील १९०१ पासूनच्या दैनंदिन पावसाची जाळीबद्ध माहिती मिळते. अक्षांश व रेखांश यांच्या पाव अंशाच्या अंतराने पूर्वपश्चिम १३५ व दक्षिणोत्तर १२९ बिंदू अशी तिची रचना आहे. तिच्या एका प्रकारात आकड्यांची फाइल संगणकी संकेतांत असते आणि सोबत एक लहानशी वर्णनाची फाइल असते: जाळी कोठून सुरू होते, किती बिंदू आहेत, पहिला दिवस कोणता, माहिती नसल्यास कोणता आकडा घातला आहे. मोठी फाइल शाबूत राहिली आणि ही चार ओळींची फाइल हरवली, तर कोणता आकडा कोठल्या पावसाचा हे सांगणे दुरापास्त होते.

आपल्या गावाच्या नोंदींनाही हेच लागू आहे. 'विहीर ७, खोली ९.४' एवढेच लिहिले तर दहा वर्षांनी त्याला अर्थ राहत नाही. विहीर कोणाच्या गटात, खोली मीटरमध्ये की हातांत, काठापासून मोजली की जमिनीपासून, उपसा चालू असताना की सकाळी उपशापूर्वी, हे लिहिले पाहिजे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या पावसाळ्यापूर्वीच्या व नंतरच्या नोंदी राज्याच्या भूजलाचा अंदाज घेण्यासाठी उपयोगी पडतात. गावाच्या नोंदी नीट वर्णनासह ठेवल्या तर त्या शासकीय नोंदींशेजारी ठेवून पाहता येतील. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणी नेवासे तालुक्यात येते. कालव्याच्या लाभातील विहीर कोणती आणि केवळ पावसावर भरणारी कोणती, हा भेद नोंदीत नसेल तर चादरीसारखे सुंदर चित्रही दिशाभूल करील.

या तालुक्याची परंपरा

नेवासे तालुक्यात उभे राहून जतनाविषयी बोलताना ज्ञानेश्वरीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, तो ग्रंथ नेवासे येथे सिद्ध झाला. प्रतीवरून प्रती होत गेल्या आणि सुमारे तीनशे वर्षांत पाठांत अशुद्धे शिरली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांनी जुन्या प्रती पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि त्यात कोणी पदरची ओवी घालू नये असेही बजावले. अनेक प्रती होत्या म्हणून शुद्धीकरण शक्य झाले, हे विसरता कामा नये. माझ्याजवळ माझ्या फाइलची एकच प्रत होती, आणि तिच्यात पदरची भर घालण्याचे पाप नव्या आवृत्तीने माझ्या हातून घडविले.

दुसरे स्मरण मोडी कागदांचे होते. महाराष्ट्रातील दप्तरखान्यांत मोडी लिपीतील असंख्य कागद आहेत. कागद आहे, शाई आहे, अक्षर स्पष्ट आहे. परंतु वाचणारा शोधावा लागतो. जमिनीच्या वादात मोडी वाचकाची किती वाट पाहावी लागते हे उपस्थित अधिकाऱ्यांना ठाऊक आहे. जुन्या आज्ञावलीच्या फाइलींचे असेच होत आहे. मात्र मोडी शिकणारे आजही तयार होतात, कारण तिचे वळण खुले आहे. ज्या फाइलची रचना एकाच कंपनीला ठाऊक आहे तिची लिपी शिकविणाराही कोणी नसतो.

काय करता येईल

शेवटी काही सूचना करतो. यांतील एकीलाही मोठा खर्च नाही.

शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ज्या नोंदी होतात त्या प्रथम वहीत व्हाव्यात. संगणकात भरल्यावर दर तीन महिन्यांनी आज्ञावलीतून त्या साध्या अक्षरांच्या किंवा स्वल्पविरामांनी विभागलेल्या रकान्यांच्या फाइलीत बाहेर काढाव्यात. त्या फाइलीशेजारी वर्णनाची एक फाइल असावी. दोहोंच्या तीन प्रती असाव्यात: एक शाळेत, एक ग्रामपंचायतीच्या दप्तरात, एक गावाबाहेर. वर्षातून एकदा, २६ जानेवारीच्या सुमारास म्हणा, प्रत खरोखर उघडते काय हे उघडून पाहावे. पेनड्राइव्ह कपाटात आहे एवढ्यावर विसंबून राहू नये.

चित्रांविषयीही थोडी दक्षता हवी. महत्त्वाच्या चित्रांच्या साध्या प्रतिमा काढून त्यांवर गाव व तारीख लिहून ठेवावी. आज्ञावली नाहीशी झाली तरी निदान तेवढे चित्र राहील.

शिक्षकाची किंवा कर्मचाऱ्याची बदली होते तेव्हा कार्यभाराच्या यादीत खुर्च्या व कपाटे मोजून दिली जातात. त्या यादीत आज्ञावलीचे नाव व आवृत्ती, ती बसविण्याची मूळ फाइल, परवान्याचा क्रमांक आणि फाइलींची जागा यांचाही समावेश व्हावा. आज्ञावल्या उघडेनाशा होण्यामागे यंत्राच्या दोषाइतकाच जाणाऱ्या माणसाबरोबर गेलेल्या माहितीचा वाटा असतो.

अधिकारी वर्गास माझी एक विनंती आहे. नवी आज्ञावली खरेदी करताना दोन प्रश्न अटींत घालावेत. हिच्यातील सर्व नोंदी साध्या, खुल्या स्वरूपात बाहेर काढता येतात काय? आणि करार संपल्यावरही त्या काढता येतील काय? उत्तर नकारार्थी असेल तर ती कितीही आकर्षक चित्रे काढीत असली तरी आपली माहिती तिच्या स्वाधीन करू नये. बाजारातील शहाणा माणूस चमकदार शिंगे पाहून व्यवहार करीत नाही, धार काढून पाहतो. आज्ञावलीची धार काढून पाहण्याची हीच रीत आहे.

माझ्या त्या शाळेत आता पुन्हा वही सुरू झाली आहे. मुले दोरी घेऊन विहिरीवर जातात, आकडा प्रथम वहीत लिहितात, मग संगणकात भरतात. गेलेले तीन उन्हाळे परत आले नाहीत. परंतु पुढील टंचाईत सरपंच शाळेत आले तर पडदा काळा असला तरी त्यांच्या हाती वही देता येईल. आपल्या गावातही अशी वही असावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.